साठी बुद्धी नाठी? मेंदूच्या आलेखाला विचारून पाहू

मराठी शिकवताना 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण येते आणि उर्दू शिकवताना 'सठियाना' हे क्रियापद येते. दोन्ही भाषांनी साठ हा एकच आकडा पकडला आहे. वर्गात मुले हसतात, आपणही हसतो. पण घरात हा आकडा विनोदापुरता राहत नाही. अब्बांनी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की मुले एकमेकांकडे बघतात. दादीने जुन्या देण्याघेण्याची आठवण काढली तर 'छोडो, उनकी उम्र हो गई' म्हणून विषय बंद होतो. जमीन विकायची, घराच्या वाटण्या करायच्या, नातीचे लग्न ठरवायचे. ज्यांच्या नावावर सगळे आहे त्यांनाच शेवटी कळवले जाते.

या जुन्या म्हणीला आता एक नवा शिक्का मिळाला आहे. चक्कर आली, कोणी घसरून पडले, की सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढला जातो. रिपोर्टमध्ये तळाशी एक ओळ असते, 'एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी'. म्हणजे वयानुसार मेंदू आकसला आहे. साठी-सत्तरीच्या पुष्कळ लोकांच्या रिपोर्टमध्ये ही ओळ सापडते. केस पांढरे झाले असे लिहावे, तसे ते वर्णन आहे, आजाराचे नाव नाही. पण घरच्यांना वाटते, डॉक्टरांनीच लिहून दिले, आता काय राहिले!

वयानुसार मेंदूचा आकार बदलतो, हे खरे आहे. तो कसा बदलतो याचा हिशेब आता बराच बारकाईने मांडता येतो, हेही खरे आहे. पण त्या हिशेबावरून एखाद्या माणसाच्या अकलेचा निकाल देता येत नाही. आणि खरोखर आजार आला असेल तर 'उम्र हो गई' म्हणून तो झाकताही येत नाही. आपल्या समाजात या दोन्ही चुका एकाच वेळी, कधी कधी एकाच घरात होतात. म्हणून हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

आधी बदल काय होतो ते पाहू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण 1300 ते 1400 ग्रॅम असते. त्याचा बाहेरचा थर काही मिलिमीटर जाडीचा आहे आणि तो घड्या घालून कवटीत बसवलेला आहे. अक्रोडाच्या गराची उपमा शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. या थरात मुख्यतः पेशी असतात, त्याला करडे द्रव्य म्हणतात. त्याखाली पेशींना जोडणाऱ्या तंतूंचे जाळे असते, ते पांढरे द्रव्य. आणि आत मधोमध द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. वय वाढते तसा बाहेरचा थर पातळ होतो, घड्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि आतल्या पोकळ्या मोठ्या होतात. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब पाहिला तर पस्तिशीनंतर मेंदूचे आकारमान वर्षाला साधारण 0.2 टक्के कमी होते आणि साठीच्या आसपास हा वेग 0.5 टक्क्यांपर्यंत जातो.

हे सगळीकडे सारखे होत नाही. कपाळामागचा भाग, म्हणजे बेत आखणे, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणे, तोंडावर आलेला शब्द आवरणे अशी कामे करणारा भाग जास्त आकसतो. नव्या आठवणी साठवण्याच्या कामातला हिप्पोकॅम्पसही आकसतो. डोळ्यांनी पाहिलेले पहिल्यांदा जिथे पोहोचते तो मागचा भाग मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतो. म्हणून सत्तरीच्या माणसाला चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र ओठांवर येऊन अडकते.

आता मोठा हिशेब. 2022 साली 'नेचर' या नियतकालिकात मेंदूच्या वाढीचे आणि उताराचे आलेख प्रसिद्ध झाले. 1 लाखाहून अधिक माणसांचे जवळजवळ 1 लाख 24 हजार स्कॅन एकत्र करून ते बनवले होते. आईच्या पोटातल्या बाळापासून शंभर वर्षांच्या माणसापर्यंत सगळी वये त्यात होती. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा जसा तक्ता असतो, तसा हा मेंदूचा तक्ता समजा. त्यात दिसले की पांढरे द्रव्य साधारण 29 व्या वर्षी सर्वांत जास्त असते. मेंदूच्या बाहेरच्या थरातले करडे द्रव्य मात्र सर्वांत जास्त कधी असते? जवळपास सहाव्या वर्षी.

शिक्षकाने या आकड्यापाशी थांबायलाच हवे. सहा वर्षे म्हणजे पहिलीत प्रवेश. ज्या वर्षी मूल अलिफ-बे आणि बाराखडी गिरवायला बसते, त्याच्या पुढे त्याचे करडे द्रव्य हळूहळू कमी होऊ लागते. मग काय, पहिलीपासून मुलाची बुद्धी नासायला लागली म्हणायचे? उलट त्याच वर्षांत ते वाचायला शिकते, पाढे पाठ करते, खोटे बोलायलाही शिकते. कारण मेंदू न लागणारे जोड छाटतो आणि लागणारे घट्ट करतो. माळी झाड छाटतो तेव्हा पानांचे वजन कमी होते, पण फळ धरते. 'कमी झाले' म्हणजे 'बिघडले' असे नसते, हे त्या आलेखात पहिल्यांदा वाचायला हवे.

आता कोणी म्हणेल, लहानपणची छाटणी वेगळी आणि म्हातारपणची झीज वेगळी. बरोबर आहे. म्हातारपणी वेग मंदावतो, नवे पाठ करायला वेळ लागतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या झिजेचा अर्थही आपण समजतो तितका भयंकर नाही. माणसाच्या मेंदूत साधारण 86 अब्ज चेतापेशी असतात. पूर्वी शाळेत सांगत की रोज हजारो पेशी मरतात आणि म्हातारपणी डोके रिकामे होते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 1997 साली मृतांच्या मेंदूतल्या पेशी नीट पद्धतीने मोजल्या. विशीपासून नव्वदीपर्यंत बाहेरच्या थरातल्या पेशींत पडलेला फरक 10 टक्क्यांच्याही आत निघाला. म्हणजे सत्तर वर्षांत दहातल्या नऊ पेशी जागेवरच. आकार कमी होतो तो बराचसा पेशींच्या फांद्या आखडल्यामुळे आणि त्यांच्यातले जोड कमी झाल्यामुळे. जोड आणि फांद्या वापराने टिकतात, निदान त्यांचे टिकणे थोडेफार आपल्या हातात असते.

मेंदूच्या आकाराचे गणित मांडणाऱ्यांत एक फार सुंदर कल्पना आली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 2015 साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी, ब्रुनो मोटा आणि सुझाना हर्क्युलानो-हूझेल यांनी, 'सायन्स'मध्ये दाखवले की उंदरापासून माणसापर्यंत सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या घड्या एकाच नियमाने पडतात. कागदाचा बोळा करून पाहा. पातळ कागदाचा बोळा घट्ट होतो, जाड कागदाचा कमी. कागद किती मोठा आणि किती जाड, यावरून बोळ्याचा आकार ठरतो. मेंदूच्या थराचेही तसेच, त्याचे क्षेत्रफळ आणि जाडी यांवरून घड्या ठरतात. पुढच्याच वर्षी मोटा यांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांबरोबर हाच नियम माणसामाणसांत तपासला. हजाराहून अधिक लोकांचे स्कॅन घेतले. नियम तरुणालाही लागू, म्हाताऱ्यालाही लागू. फक्त वयानुसार त्या थरातला ताण सैल होत जातो. अल्झायमरच्या रुग्णांत तो आणखी सैल दिसला, जणू त्यांच्या मेंदूचे वय लवकर पुढे गेले.

इथे दोन गोष्टी कळतात. एक, म्हातारा मेंदू हा मोडका मेंदू नव्हे, तो त्याच नियमाने चालणारा मेंदू आहे. दुसरी, आजार आणि वय एकमेकांसारखे दिसले तरी ते दोन आहेत, आणि त्यांच्यातला फरक मोजता येतो. आपल्या म्हणीला हा फरक कळत नाही.

आता या आलेखांची मर्यादाही सांगितली पाहिजे. आकडा दिसला की आपण मान डोलावतो, आणि तिथेच फसतो.

पहिली मर्यादा अशी. बहुतेक स्कॅन एकाच काळात वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे काढलेले असतात. लग्नातला कुटुंबाचा फोटो डोळ्यांसमोर आणा. त्यात आजोबा पाच फूट तीन इंच आणि नातू पाच फूट दहा इंच. या फोटोवरून कोणी म्हणेल का की वयानुसार माणसाची उंची सात इंच कमी होते? आजोबांनी लहानपणी दुष्काळ पाहिला, नातवाने दूध-अंडी खाल्ली. फरक वयाचा थोडा आणि पिढीचा जास्त. मेंदूचेही तेच. खरा बदल कळायला एकाच माणसाला पुन्हा पुन्हा तपासावे लागते. बुद्धीच्या बाबतीत असा एक प्रदीर्घ अभ्यास अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे वॉर्नर शाय यांनी 1956 साली सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना गाठले. एका वेळच्या फोटोत जी घसरण लवकर आणि मोठी दिसत होती, ती त्याच माणसांच्या मागे वर्षानुवर्षे गेल्यावर उशिरा आणि कमी निघाली. शब्दसंग्रह आणि शब्दांची समज तर पन्नाशी-साठीपर्यंत टिकते किंवा वाढते.

दुसरी मर्यादा, आलेख गर्दीचा असतो, माणसाचा नसतो. एमआरआय पाहून वय ओळखणारी संगणकाची मॉडेले आहेत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका चांगल्या मॉडेलची सरासरी चूक साधारण पाच वर्षांची होती. हजारो माणसांसाठी हे उत्तम आहे. पण पाच वर्षे ही सरासरी, म्हणजे कित्येकांच्या बाबतीत चूक याहून मोठी. ज्याला जन्मतारीखही नक्की सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर अम्मीची समज ठरवायची?

तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा मेंदू कोणाचा? स्कॅनची तुलना करायची तर प्रत्येक मेंदू आधी एका साच्यावर ताणून बसवावा लागतो. अनेक वर्षे जगभर वापरला गेलेला तालेराक आणि तूर्नू यांचा 1988 सालचा नकाशा एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईच्या मेंदूवरून काढला होता. एकाच बाईच्या! त्यानंतर कॅनडातल्या माँट्रियल येथे 152 तरुणांच्या स्कॅनवरून साचा बनला आणि तोच चलनात आला. 2022 च्या त्या मोठ्या आलेखातही बहुतांश स्कॅन युरोप आणि उत्तर अमेरिकेतले आहेत आणि संशोधकांनी हे स्वतःच कबूल केले आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये 100 भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार झाला. त्यात भारतीय मेंदूची सरासरी उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी भरले. म्हणजे आपण कमी अकलेचे नव्हे, तर दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आपल्याला ढगळ होतो, इतकेच. 2020 साली भारतीयांसाठी वयोगटानुसार पाच साचे प्रसिद्ध झाले, सहा ते साठ वर्षांपर्यंतचे. साठीपर्यंतच! जिथे आपली म्हण सुरू होते तिथे आपला साचा संपतो.

ज्या समाजाची मोजणी होत नाही, त्याच्याबद्दल अंदाज बांधले जातात. हे वाक्य मुसलमानांना नवीन नाही. म्हणून उद्या कोणी संशोधक मोहल्ल्यात आला, रीतसर परवानगी घेऊन, समजावून सांगून, तर त्याला संशयाने परत पाठवू नये असे मला वाटते. प्रश्न जरूर विचारावेत. माहितीचे काय करणार, नाव गुप्त राहील का, हे विचारावे. पण दार बंद करू नये. आपण त्या आलेखात नसलो तर आपल्या आजी-आजोबांचा निवाडा परक्यांच्या मापाने होत राहील.

आता जी गोष्ट माझ्या विषयाला अगदी जवळची आहे तिच्याकडे येतो. 2013 साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, 648 रुग्णांचा तो अभ्यास होता. हैदराबाद म्हणजे तेलुगू, दखनी उर्दू, हिंदी, इंग्रजी अशी घराघरांत भाषांची सरमिसळ. तिथे एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. आणि जे कधी शाळेत गेले नव्हते त्यांच्यातही फरक दिसला. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका फायदा दिसलेला नाही आणि वाद चालू आहे, हेही सांगायला हवे. तरीही विचार करा, बाजारात मराठी, घरात दखनी, नमाजेत अरबी, टीव्हीवर हिंदी अशी उडी दिवसभर मारणाऱ्या आपल्या अनपढ नानीला आपण 'कुछ नहीं समझता उनको' म्हणतो. तिचा मेंदू रोज जी कसरत करतो ती एकाच भाषेत पदवी घेतलेल्यालाही करावी लागत नाही. उर्दू की मराठी, असा वाद आपल्याकडे अजूनही घातला जातो. उर्दूने मुले मागे पडतात असे एक बाजू म्हणते, मराठीने ओळख जाते असे दुसरी. मला दोन्ही बाजूंना एवढेच सांगायचे आहे की दुसरी भाषा डोक्यातली जागा अडवत नाही.

प्रौढ मेंदू शिकताना बदलतो याचा पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिला आहे. तिथे परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाने 79 उमेदवारांचा शिकण्याआधी आणि नंतर स्कॅन काढला. 39 जण परीक्षा पास झाले आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. नापास झालेल्यांत ती वाढ नव्हती. चालण्याचाही एक अभ्यास 2011 सालचा आहे. 55 ते 80 वयाच्या 120 जणांपैकी अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालवले, उरलेल्यांना फक्त अंग ताणण्याचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस 2 टक्के वाढला, दुसऱ्यांचा 1.4 टक्के घटला. चालण्याने म्हातारपण उलटत नाही. पण उतार सगळ्यांना सारखा नसतो, एवढे तरी यावरून नक्की कळते.

आता दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा जास्त घातक आहे.

भारतात साठीच्या पुढच्या 100 माणसांपैकी साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे असा आहे. याच आकड्यात म्हणीला उत्तर आहे. शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतरही नाठलेली नाही. पण उरलेल्या सात जणांचे काय? त्यांच्यासाठी 'उम्र हो गई' हे वाक्य म्हणजे उपचाराचे दार बंद करणे आहे. आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त आहे. म्हणजे ज्यांच्याकडे घराचे लक्ष सर्वांत कमी, त्यांच्यातच जास्त.

नाव विसरणे, चष्मा कुठे ठेवला ते विसरणे हा आजार नव्हे. पण रोजच्या मस्जिदीतून घरी येताना वाट चुकणे, दहा मिनिटांत तोच प्रश्न पाच वेळा विचारणे, आयुष्यभर केलेल्या बिर्याणीत पुढे काय घालायचे ते न सुचणे, वुजूचा क्रम मोडणे, पैशांचा साधा हिशेब चुकणे, शांत माणसाने अचानक घरच्यांवर चोरीचा आळ घेणे, या गोष्टी डॉक्टरांना दाखवण्याच्या आहेत. आपल्याकडे अशा वेळी एक गट म्हातारचळ म्हणून हसतो आणि दुसरा गट असर झाला म्हणून आमिलकडे नेतो. तावीज बांधण्यात आणि पाणी फुंकून देण्यात जी वर्षे जातात ती परत मिळत नाहीत. दुआ जरूर करावी, पण दवेची जागा तावीजने घेऊ नये. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, डोक्याला मार लागून आत साठलेले रक्त, यांमुळेही माणूस विसरभोळा, भ्रमिष्ट वाटू शकतो आणि यातले बरेच काही वेळेवर कळले तर सुधारते. ते म्हातारपण नव्हतेच, हे तपासल्याशिवाय कळणार कसे?

एका फसव्या गोष्टीबद्दल सावध करतो. ज्यांनी लहानपणी कुरआन पाठ केले, त्यांची तिलावत आजार बराच पुढे गेल्यावरही कित्येकदा स्वच्छ असते. लहानपणी हजारो वेळा घोटलेले सगळ्यांत शेवटी पुसले जाते. घरचे म्हणतात, माशाअल्लाह, सूरह यासीन बिनचूक म्हणतात, यांना काय झालेय? पण त्यांनाच सकाळी कोण भेटायला आले होते ते सांगता येत नाही. जुने शाबूत असणे हा नवे साठत नसल्याच्या तक्रारीवरचा जबाब होऊ शकत नाही.

तपासणीतही भाषेचा प्रश्न आहे. स्मृतीच्या प्रचलित चाचण्यांत वाक्य लिहा, वजाबाकी करा असे सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेली दादी त्यात नापास झाली तर दोष चाचणीचा. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी 1990 च्या दशकात मुद्दाम वेगळी हिंदी चाचणी बेतली गेली, ती याच कारणाने. म्हणून बुजुर्गांना डॉक्टरांकडे नेताना त्यांची भाषा बोलणारा कोणीतरी सोबत हवा, आणि त्याने प्रश्न त्यांना समजावून द्यावा. उत्तर मात्र त्यांच्या वतीने देऊ नये.

आता दीनविषयी. काही मंडळी प्रत्येक नव्या शोधाला कुरआनातली आयत जोडून दाखवतात. मला तो मार्ग पसंत नाही. कुरआनात एमआरआय शोधण्याची गरज नाही, तो ग्रंथ त्यासाठी आलेला नाही. पण म्हातारपणाकडे कसे पाहावे हे तो शिकवतो. सूरह नहल आणि सूरह हज या दोन्ही ठिकाणी अशा वयाचा उल्लेख आहे, ज्यात जाणलेले माणूस विसरून जातो. नीट वाचा, तिथे 'तुमच्यापैकी काही' अशा अर्थाचे शब्द आहेत, सगळे म्हातारे असे नाही. म्हण सरसकट सगळ्यांना मोडीत काढते, आयत काढत नाही. आणि सूरह बनी इस्राईलमध्ये वृद्ध आईबापांपुढे साधा 'उफ्'ही काढू नका असे बजावले आहे. तेच तेच विचारणाऱ्या आईसमोर सर्वांत आधी तोंडातून निघतो तो हाच उद्गार.

शरियतचा नियमही पाहा. जबाबदारी माणसाच्या अकलेवर ठरते. मूल, झोपलेला आणि अक्कल हरपलेला यांच्याकडून हिशेब मागितला जात नाही. पण नव्वद वर्षांचा माणूस शुद्धीत आणि समजेत असेल तर त्याची साक्ष, त्याचा सौदा, त्याची वसीयत ग्राह्य. आपल्या देशाचा 1872 चा करार कायदाही हेच म्हणतो. करार करताना माणसाला समजते का, तो आपले बरेवाईट ठरवू शकतो का, एवढेच पाहायचे. अठरा पूर्ण झाल्यावर वरची वयोमर्यादा नाही. मग सत्तरीच्या बापाला न वाचून दाखवता त्याचा अंगठा घेणारा मुलगा कोणत्या कायद्याने वागतो? ना शरियतच्या, ना देशाच्या. आणि ज्याची समज खरोखर गेली आहे त्याच्याकडून सही घेणे तर उघड अन्याय आहे. दोन्हीकडे तोच मुलगा, सोयीप्रमाणे बापाला कधी शहाणा ठरवतो, कधी सठियाया हुआ.

करायचे काय? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली हिशेब मांडला की 14 कारणांवर काम केले तर जगातले जवळजवळ निम्मे डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील. कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, दृष्टी कमी होणे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-सिगारेट, बसून राहणे, एकटेपणा ही त्यातलीच कारणे. यातले किती आपल्या मोहल्ल्यात घरोघर आहे ते मोजून पाहा. ऐकू येत नसलेल्या नानांना यंत्र घेऊन देण्याऐवजी आपण त्यांच्याशी बोलणे कमी करतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर टाकतो. दादींना 'आराम करा' म्हणून स्वयंपाकघरातून, बाजारातून, मजलिसमधून बाजूला काढतो. हा आराम नसतो, ती हळूहळू केलेली नजरकैद असते.

मस्जिद कमिट्यांना आणि महिला मंडळांना एक सूचना करतो. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, डोळे आणि कान यांची तपासणी ठेवा. मगरिबनंतर आठवड्यातून दोन दिवस बुजुर्गांसाठी वाचनाचा वर्ग ठेवा. उर्दू येणाऱ्याला मराठी वाचायला शिकवा, मराठी येणाऱ्याला उर्दू. साठीनंतर अक्षर ओळखायला वेळ जास्त लागेल, लागू द्या. ज्या आईने आपल्याला चालायला शिकवताना घड्याळ पाहिले नाही, तिच्या वाचनाला आपण घड्याळ लावू नये.

मेंदूचा आलेख उतरतो. कवटीतले अंतर वाढते, घड्या सैल होतात. ही निर्मात्याने घातलेली रीत आहे आणि तिच्यापासून मीही सुटलेलो नाही, वाचणारेही सुटणार नाहीत. पण तो उतार दाखवणाऱ्या संशोधकांनी कुठेही असे लिहिलेले नाही की या रेषेखालच्या माणसाला विचारणे बंद करा. ते आपण जोडले. पुढच्या वेळी घरात जमिनीची, लग्नाची, वाटणीची गोष्ट निघेल तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळून एवढेच विचारा, 'अब्बा, आपका क्या खयाल है?' उत्तराला थोडा वेळ लागेल. तेवढे थांबा.